‘यूट टॅक्स’: न्यूझीलंडमध्ये धुरावरची फी आली कशी आणि गेली कशी

१ एप्रिल २०२२ पासून न्यूझीलंडमध्ये नवी गाडी घ्यायला गेलेल्या माणसाला किमतीसोबत आणखी एक आकडा बघावा लागू लागला. गाडी कमी धूर सोडणारी असेल तर सरकार त्याला पैसे परत देणार होतं, जास्त सोडणारी असेल तर तो सरकारला पैसे भरणार होता. सवलत देणं ९ महिने आधीच, १ जुलै २०२१ ला, सुरू झालं होतं. फीची बाजू आता जोडली गेली आणि योजना पूर्ण झाली. ३१ डिसेंबर २०२३ ला ती बंद पडली. मोटारींच्या प्रदूषणावरचा कर कागदावर इतका नीट बसवलेला असूनही तो २१ महिन्यांत उखडला कसा जातो, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला दिसत नाही.

आधी देशाची परिस्थिती. न्यूझीलंडची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास. तिथे १९९८ नंतर एकही मोटार तयार होत नाही. प्रत्येक गाडी बोटीनं येते: काही नव्या, आणि बाकीच्या बहुतेक जपानमध्ये काही वर्षं वापरलेल्या. तिथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालतात आणि स्टीअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे जपानी जुन्या गाड्या जशाच्या तशा चालतात. एकदा आलेली गाडी तिथल्या रस्त्यावर फार वर्षं राहते. त्यामुळे आज बंदरात उतरलेली डिझेल गाडी पुढची दोन दशकं धूर सोडणार हे धरूनच चालावं लागतं. वीज मात्र ८० टक्क्यांहून जास्त पाणी, भूगर्भातली उष्णता आणि वारा यांतून येते. ‘विजेवरची गाडी म्हणजे धूर फक्त गावाबाहेरच्या औष्णिक केंद्रात नेऊन सोडणं’ हा आपल्याकडे होणारा आक्षेप तिथे जवळपास लागूच होत नाही. विजेच्या गाड्यांसाठी याहून सोयीचा देश सापडणं कठीण. आणि तरीही २०२० पर्यंत तिथे आयात गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनावर कोणतीच मर्यादा नव्हती. विकसित देशांत अशी मोकळीक न्यूझीलंड आणि शेजारचा ऑस्ट्रेलिया सोडला तर फारशी कुठे उरली नव्हती, म्हणून इतर देशांत कंपन्यांना जड जाणारी मॉडेल्स इथे बिनधास्त विकली जात.

पहिला प्रयत्न २०१९ चा. तेव्हाच्या सहयोगी वाहतूकमंत्री ज्युली अ‍ॅन जेंटर यांनी असाच ‘फी आणि सवलत’ प्रस्ताव मांडला. सरकारमधला भागीदार पक्ष न्यूझीलंड फर्स्ट आडवा आला आणि तो बारगळला. २०२० च्या निवडणुकीत जसिंडा आर्डर्न यांच्या लेबर पक्षाला एकहाती बहुमत मिळालं, भागीदाराची अडचण संपली, आणि जून २०२१ मध्ये वाहतूकमंत्री मायकल वूड यांच्या काळात योजना जाहीर झाली. नाव ठेवलं ‘क्लीन कार डिस्काउंट’.

आकडे काय होते

हिशेब गाडीच्या किलोमीटरमागच्या कार्बन डायऑक्साइडवर होता. १९२ ग्रॅम आणि त्यापुढे फी, १४६ ग्रॅमपर्यंत सवलत, मधल्या पट्ट्यात ना घेणं ना देणं. नव्या विजेवरच्या गाडीला ८,६२५ डॉलर (इथले सगळे डॉलर न्यूझीलंडचे) परत मिळत, जपानहून आलेल्या वापरलेल्या विजेवरच्या गाडीला ३,४५०. प्लगइन हायब्रिडला (इंजिन आणि प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेल्या गाडीला) नवीन असेल तर ५,७५० आणि वापरलेली असेल तर २,३००. उलट बाजूला नव्या गाडीवर जास्तीत जास्त ५,१७५ डॉलर फी, वापरलेल्या आयात गाडीवर २,८७५. सवलत हवी असेल तर गाडी ८० हजार डॉलरच्या आत हवी आणि सुरक्षिततेला किमान तीन तारे हवेत. या अटीही शहाणपणाच्या होत्या. श्रीमंतांच्या महागड्या विजेच्या गाड्यांना सरकारी पैसा जाऊ नये, आणि स्वस्तात पोकळ डबा विकून कुणी सवलत उचलू नये, यासाठी त्या घातल्या होत्या.

दोन गोष्टी मुद्दाम सांगायला हव्यात, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्याभोवती फिरतो.

एक, फी फक्त एकदाच होती. गाडीची देशात पहिल्यांदा नोंदणी होताना. ज्याच्या अंगणात आधीच डिझेल गाडी उभी आहे त्याला एक पैसा भरायचा नव्हता, आणि देशातल्या देशात जुनी गाडी घेणाऱ्यालाही नाही.

दोन, हा कर सरकारची तिजोरी भरायला नव्हता. फीतून येणारा पैसा सवलतीत जाणार, असा तो बसवला होता. जास्त धुराची गाडी घेणारा कमी धुराची गाडी घेणाऱ्याला पैसे देतो, सरकार फक्त मध्ये उभं राहतं.

शोरूममध्ये हे सगळं एका लेबलवर दिसायचं. काचेच्या आतून लावलेलं, इंधनखर्चाचे तारे, वर्षाचा अंदाजे इंधनखर्च, कार्बनचे ग्रॅम, आणि त्यासोबत सवलत किंवा फीचा आकडा. एका बाजूला विजेवरची गाडी, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच किमतीची मोठी डिझेल गाडी, तर दोन लेबलांतला फरक ८,६२५ आणि ५,१७५ मिळून १३,८०० डॉलरपर्यंत जायचा. एवढा फरक कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. पण व्यवहारात दोन्ही बाजू सारख्या जाणवत नसत. फी गाडी घेतानाच भरावी लागे. सवलतीसाठी मात्र नोंदणी झाल्यावर वाका कोटाही या परिवहन संस्थेकडे अर्ज करायचा, मग पैसे बँकेत. घेणं हातोहात आणि देणं मागाहून. माणसाला जे आधी खुपतं ते जास्त लक्षात राहतं, आणि धोरण आखणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

गाडी भरधाव निघाली, पैसा मागे पडला

फी लागायच्या आधीच्या महिन्यात, मार्च २०२२ मध्ये, डिझेल गाड्यांच्या नोंदणीला उधाण आलं. लोकांनी फी टाळायला खरेदी पुढे ओढली. असा कर आधी तारीख सांगून आणला की हे होणारच. त्यानंतर मात्र वारं फिरलं. विजेवरच्या गाड्यांची विक्री इतकी वाढली की सप्टेंबर २०२२ मध्ये टेस्लाची मॉडेल वाय देशात सर्वांत जास्त खपलेली गाडी ठरली. फोर्ड रेंजर आणि टोयोटा हायलक्स या दोन डिझेल गाड्यांनी कित्येक वर्षं ज्या यादीवर राज्य केलं, त्या यादीत हे घडलं. २०२३ संपेपर्यंत रस्त्यावरच्या प्लग लावून चार्ज होणाऱ्या गाड्यांची एकूण संख्या लाखाच्या घरात पोचली.

पण लोक अपेक्षेपेक्षा वेगानं वळल्यामुळे सवलतीचे अर्ज जास्त आले आणि फी भरणारे कमी उरले. स्वतःच्या पायावर उभी राहायची योजना सरकारी पैशावर टेकू लागली. फ्रान्समध्ये २००८ मध्ये बोनस-मालुस, म्हणजे कमी धुराच्या गाडीला बक्षीस आणि जास्त धुराच्या गाडीला दंड, सुरू झालं तेव्हा नेमकं हेच झालं होतं, तिथेही पहिल्याच वर्षी बोनस वसुलीच्या पुढे गेला. योजना जितकी यशस्वी, तितकी तिची तिजोरी रिकामी होते, हा या पद्धतीचा अंगभूत स्वभाव आहे. म्हणून दर वर्षी आकडे हलवत राहावे लागतात, आणि ते हलवायला राजकीय बळ लागतं.

१ जुलै २०२३ ला आकडे हलवले. नव्या विजेवरच्या गाडीची सवलत ८,६२५ वरून ७,०१५ वर आली. नव्या गाडीवरची कमाल फी ५,१७५ वरून ६,९०० वर गेली. फीची सुरुवातही १९२ ऐवजी १५० ग्रॅमपासून झाली. आता बेरीज करून बघा: ७,०१५ आणि ६,९०० म्हणजे १३,९१५. दोन टोकांमधला फरक जवळपास होता तेवढाच राहिला. गाडी निवडणाऱ्याला मिळणारा इशारा बदलला नाही, पण देण्यातला भार घेण्यावर सरकला. अर्थशास्त्राच्या दृष्टीनं हा बदल निर्दोष होता. निवडणूक मात्र साडेतीन महिन्यांवर आली होती, आणि १५० ग्रॅमच्या वर आता फक्त शेतावरच्या गाड्या नव्हत्या, साध्या कुटुंबाच्या पेट्रोल एसयूव्हीही होत्या. फी भरणाऱ्यांची संख्या सरकारनं स्वतःहून वाढवली.

यूटचा प्रश्न

तिकडे पुढे दोन-चार माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला यूट म्हणतात. आपल्याकडच्या पिकअपची थोरली बहीण. शेतकरी तिच्यात कुत्री आणि कुंपणाचे खांब घालतो, सुतार आणि प्लंबर अवजारं घालतात, मागे ट्रेलर किंवा बोट जोडून ओढली जाते. डिझेल यूट साडेतीन टनांपर्यंत ओढते. आणि फी आली तेव्हा न्यूझीलंडच्या बाजारात विजेवरची एकही यूट नव्हती.

या प्रकरणाचं मर्म माझ्या मते इथे आहे. कर लावून माणसाला एका वस्तूकडून दुसऱ्या वस्तूकडे वळवायचं असेल तर दुसरी वस्तू दुकानात असायला हवी. ऑकलंडमध्ये ऑफिसला जाणाऱ्या कुटुंबापुढे पर्याय होते: विजेवरची हॅचबॅक, हायब्रिड, नाहीतर जपानहून आलेली जुनी निसान लीफ. देशाच्या दक्षिण टोकाला, साउथलंडमधल्या मेंढपाळापुढे नव्हते. त्याच्यासाठी हा कर वळण नव्हतं, नुसता भुर्दंड होता. पहिली विजेवरची यूट, एलडीव्ही कंपनीची ईटी६०, २०२२ च्या शेवटी आली. ती महाग होती, फक्त मागच्या चाकांवर चालणारी, आणि ओढण्याच्या ताकदीत डिझेल यूटच्या जवळपासही नाही. चिखलाच्या चढावर जनावरांचा ट्रेलर ओढणाऱ्याला ती दाखवणं म्हणजे त्याच्या कामाची चेष्टा झाली असती.

ग्राउंडस्वेल या शेतकऱ्यांच्या संघटनेनं १६ जुलै २०२१ ला देशभर मोर्चे काढले, तेव्हा फी लागू व्हायला आठ महिने होते. ट्रॅक्टर आणि यूट गावागावांतून शहरात शिरले. त्यांचा राग मुळात पाण्याच्या आणि जमिनीच्या नव्या नियमांवर होता. गाडीवरची फी त्यात येऊन मिळाली आणि सगळ्यांत सोपी घोषणा तीच ठरली. विरोधी नॅशनल पक्षानं तिला ‘यूट टॅक्स’ म्हणायला सुरुवात केली. तेवढ्यावर सरकारचं ‘डिस्काउंट’ हे नाव लोकांच्या तोंडातून गेलं. आपल्या जुन्या गाडीवरही दरवर्षी फी बसणार अशी समजूत अनेकांची झाली, आणि ती दूर करायला सरकारनं पुरेशी धडपड केली नाही.

शेतकऱ्याची बाजू इतकी मांडल्यावर दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणानं सांगायला हवी. विकल्या जाणाऱ्या सगळ्याच यूट शेतावर जात नव्हत्या. चामडी सीट आणि मोठा स्क्रीन असलेली दुहेरी केबिनची यूट शहरातल्या शाळेच्या दारात मुलांना सोडायलाही उभी असते. तिच्या मालकाला पर्याय होता आणि फी त्याच्यावर लागायलाच हवी होती. सरकारनं हे दोघे वेगळे केले असते, म्हणजे खरोखर शेती किंवा बांधकामाच्या कामाला लागणाऱ्या यूटना विजेवरचा पर्याय येईपर्यंत सूट दिली असती, तर आंदोलनातली हवा बरीच गेली असती. खोटे दाखले आले असते, हे खरं. तरी ती किंमत मोजण्यासारखी होती.

गरिबाची गाडी

यूटच्या गोंगाटात एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही आणि मला ती जास्त लागते. सवलत मिळण्यासाठी नवी किंवा नुकतीच आयात झालेली गाडी घ्यावी लागे. कमी उत्पन्नाची कुटुंबं तशी गाडी घेतच नाहीत. ती देशातल्याच तिसऱ्या-चौथ्या हातच्या गाड्या घेतात, दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या. म्हणजे ८,६२५ डॉलर ज्याच्याकडे नवीन गाडी घ्यायची ऐपत आहे त्यालाच.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. मे २०२२ च्या उत्सर्जन कपात आराखड्यात ‘क्लीन कार अपग्रेड’ नावाची ५६ कोटी ९० लाख डॉलरची योजना होती: जुनी धूर सोडणारी गाडी भंगारात द्या आणि कमी उत्पन्न असेल तर स्वच्छ गाडी घ्यायला मदत घ्या. सवलतीच्या योजनेचं दुसरं चाक हेच होतं. आर्डर्न यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या क्रिस हिपकिन्स यांनी महागाईचं कारण देऊन मार्च २०२३ मध्ये ती रद्द केली. त्या दिवशी ‘क्लीन कार डिस्काउंट’ ही मध्यमवर्गाची योजना झाली. नव्या निवडणुकीत तिच्या बाजूनं उभं राहील असं गरीब माणसाकडे काहीच उरलं नाही.

त्यात आणखी एक विसंगती. युक्रेन युद्धानं इंधन भडकलं तेव्हा, मार्च २०२२ च्या मध्यात, याच सरकारनं पेट्रोलवरचा कर लिटरमागे २५ सेंटनी कमी केला आणि ती सूट जून २०२३ च्या शेवटापर्यंत चालवली. महागाईत होरपळणाऱ्यांना दिलासा द्यायला हवाच होता. पण दोनच आठवड्यांनी, १ एप्रिलला, जास्त इंधन खाणाऱ्या गाड्यांवर फी आली. गाडी घेताना शिक्षा आणि पंपावर बक्षीस. लोकांनी कोणता इशारा खरा मानायचा?

एक आक्षेप अर्थतज्ज्ञांचाही होता आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. न्यूझीलंडमध्ये कार्बन परवान्यांचा बाजार आहे (कार्बन सोडायचा तर परवाना विकत घ्यायचा) आणि पेट्रोल-डिझेल त्यात येतं. एकूण परवाने ठरलेले असतील तर गाड्यांनी वाचवलेला कार्बन दुसरीकडे कुणीतरी वापरेल, मग वेगळी गाडी-योजना कशाला, असा तो युक्तिवाद. यात तथ्य आहे, पण अर्धंच. कार्बनच्या किमतीमुळे पंपावर लिटरमागे पडणारे थोडे सेंट कुणाला गाडी बदलायला लावत नाहीत. गाडी घेणारा पुढच्या १५ वर्षांचा इंधनखर्च मांडत बसत नाही, तो शोरूममधली किंमत बघतो. शिवाय परवान्यांची संख्या सरकारच ठरवतं, आणि स्वच्छ गाड्या वाढल्या तर ती पुढच्या वर्षी कमी करणं सोपं जातं.

शेवट आणि त्यानंतर

१४ ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत लेबर हरला. नॅशनल, अ‍ॅक्ट आणि न्यूझीलंड फर्स्ट यांचं सरकार नोव्हेंबरअखेर आलं आणि डिसेंबरमध्येच घाईच्या प्रक्रियेनं कायदा करून योजना वर्षाखेरीस बंद केली. शेवटच्या आठवड्यांत विजेवरच्या गाड्यांवर झुंबड उडाली, जानेवारी २०२४ मध्ये विक्री कोसळली. मार्च २०२२ चाच प्रकार, फक्त उलट्या बाजूनं.

मग दुसरा फटका बसला. तिथे डिझेल गाड्या किलोमीटरवर रस्ता शुल्क भरतात, पेट्रोलवाले लिटरमागे कर भरतात, आणि विजेवरच्या गाड्यांना आतापर्यंत माफी होती. १ एप्रिल २०२४ पासून ती गेली: दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर. रस्ता वापरणाऱ्यानं रस्त्याचा खर्च द्यावा, हे तत्त्व योग्यच आहे. पण हिशेब करून बघा. १०० किलोमीटरला साडेचार लिटर पिणारी छोटी पेट्रोल हायब्रिड हजार किलोमीटरला ४५ लिटर जाळते, लिटरमागे सुमारे ७० सेंट कर म्हणजे ३१-३२ डॉलर. विजेवरची गाडी तिच्या दुपटीहून जास्त भरते, आणि भल्यामोठ्या डिझेल यूटइतकंच. सवलत गेली, फी गेली आणि वर हा भार, सगळं तीन महिन्यांत.

फीला इतका विरोध का झाला, याचं एक उत्तर भारताकडे पाहिलं की मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे विजेवरच्या गाडीला ५ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीला ४० टक्के. कराआधीची किंमत २० लाख धरली तर एकीवर १ लाख आणि दुसरीवर ८ लाख, फरक ७ लाखांचा. न्यूझीलंडचा डॉलर ५० रुपयांच्या आसपास धरला तर तिकडचे १३,८०० डॉलर म्हणजे ६ लाख ९० हजार. फरक तोच. पण आपल्याकडे यासाठी ट्रॅक्टर मोर्चा निघाला नाही, कारण तो एक्स-शोरूम किमतीच्या पोटात आहे, आणि कमी व्हायच्या आधी तो उपकरासह याहूनही जड होता. आपला कर लांबी आणि इंजिनाच्या आकारावर आहे, ग्रॅमवर नाही, त्यामुळे कमी धूर सोडणारी मोठी हायब्रिडही ४० टक्क्यांतच सापडते. महाराष्ट्राचा वाहन नोंदणी करही किंमत आणि इंधनाच्या प्रकारावरच ठरतो. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागे घेतला गेला.

नॉर्वेनंही तेच केलं: विजेवरच्या गाड्यांना खरेदी कर आणि २५ टक्के मूल्यवर्धित कर माफ, तोही लोकांना अशा गाडीची सवय व्हायच्या कितीतरी आधीपासून. न्यूझीलंडला ती वाट बंद होती. तिथे सरसकट १५ टक्के जीएसटी आहे, अपवाद जवळपास नाहीत, आणि त्या साधेपणाचा तिथल्या अर्थखात्याला अभिमान आहे. मोटारीवर वेगळा मोठा खरेदी करही नव्हता. माफ करायला काही नव्हतं, म्हणून लेबलवर उघड्या अक्षरांत नवीन आकडा छापावा लागला. अधिक प्रामाणिक पद्धत न्यूझीलंडचीच, आणि राजकारणात मार खाल्ला तोही तिनंच.

आयात करणाऱ्यांवरची सरासरी उत्सर्जनाची मर्यादा, ‘क्लीन कार स्टँडर्ड’, मात्र या पडझडीतून वाचली. ती ग्राहकाला दिसत नाही, आयातदार आपसांत हिशेब मिटवतो आणि किमतीत थोडा फरक करतो. नव्या सरकारनं २०२४ मध्ये तिची पुढच्या वर्षांची लक्ष्यं सैल केली, पण कायदा ठेवला. पुढचं एखादं सरकार पुन्हा याकडे वळलं तर त्याला सुरुवात तिथूनच करावी लागेल: मर्यादा हळूहळू घट्ट करत जायची, कामाच्या यूटना विजेवरचा पर्याय येईपर्यंत मुदत द्यायची, आणि पहिला सरकारी डॉलर दीड लाख किलोमीटर झालेली गाडी चालवणाऱ्याच्या हातात पडेल अशी भंगार योजना निवडणुकीआधी सुरू करून दाखवायची.